पत्रकात सगळं आलं आहे

"वहिनी, एक लाख चाळीस हजार! दीड दिवसात एक लाख चाळीस हजार लोकांनी बघितलं!"

दिगंबरभाऊंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता. पडद्यावर तेच होते. खांद्यावर उपरणं, मागे आमचं अंबाबाईचं देऊळ आणि आवाज टिपेला गेलेला. "विधवेच्या कपाळी कुंकू लावून आमच्या चालीरीती मोडायचा हा डाव आहे! ती बाई आपणहून आली नव्हती, तिला पढवून पाठवली होती!"

"भाऊ, रविवारी मतदान आहे," मी म्हणाले. "आज बुधवार. हे आता बंद करा."

"बंद? अहो, आत्ता कुठं पेटलंय!"

असं म्हणून त्यांनी माझ्याच घरातल्या खुर्चीवर मांडी ठोकली आणि चहा मागितला. मी चहा टाकला. आज आठवलं की स्वतःचाच संताप येतो, पण टाकला, आणि त्यात आलंही घातलं.

याला नऊ वर्षं झाली. भाऊ तेव्हा आमच्या लोकसंस्कृती पक्षाचे तालुकाध्यक्ष होते आणि मी देवसांगवीची महिला प्रमुख. गावात मला सगळे शेटेवहिनी म्हणायचे. पक्षाचं काम मी मनापासून करत होते, कुणी भरीला घातलं म्हणून नाही. घर टिकावं, सणवार टिकावेत, थोरांचा मान राहावा असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं. आमच्या गावात घर मोडणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे पाराशेजारचं देशी दारूचं दुकान. त्या दुकानानं जेवढ्या दिवाळ्या बुडवल्या तेवढ्या कुठल्या बाहेरच्या विचारानं बुडवल्या नसतील. पण भाषणात नेहमी बाहेरच्या विचारावर हल्ला व्हायचा, दुकानावर कधी नाही.

दुकान बंद करायला बायकांचं मतदान घ्यावं लागतं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण त्यात एक मेख आहे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडवीला लागतात. म्हणजे जी घरी बसली, तिनं उभ्या बाटलीलाच मत दिल्यासारखं. आमच्या यादीत चौदाशे बारा बायका होत्या. आम्हाला सातशे सात हव्या होत्या.

आधी मतदान मागण्यासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या. दोन वर्षं मी दारोदार फिरले. माझ्याबरोबर सगळ्यात जास्त कोण फिरलं असेल, तर तानूबाई ढोणे. तिचं घर दुकानापासून चाळीस पावलांवर. नवरा दारूनं गेला होता आणि आता एकुलता एक किसन त्याच वाटेवर होता. चोवीस वर्षांचा पोरगा, लग्न होऊन वर्ष झालेलं, हात थरथरायला लागले होते. "वहिनी, त्याला दुकान दिसाय नको," ती म्हणायची. "दिसलं की जातंय ते. लांब असलं तर दोन दिवस थांबतंय, मी बघितलंय." डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून वर्षभर असंच चाललं तर लिव्हर निकामी होईल. तानूबाईला अक्षर येत नव्हतं, पण एकटीनं शहाण्णव जणींना सही-अंगठ्याला आणलं.

आणि मी काय केलं? रथसप्तमीच्या आधी देवळात मोठं हळदीकुंकू ठेवलं. आमच्यात प्रचार म्हटला की हळदीकुंकू, दुसरं सुचतच नाही. वाण म्हणून चहाची गाळणी, तिळाची वडी आणि त्याबरोबर एक कागद, ज्यावर आडवी बाटली छापून पुढे शिक्का दाखवलेला. घरोघर बोलावणी केली. पाचशेच्या वर बायका आल्या. मी खुशीत होते.

तेवढ्यात दाराशी, चपला काढतात तिथं, तानूबाई उभी दिसली.

"तानूबाई, आत या की!"

"नगं. मला कुंकू नगं, वहिनी. तेवढा बाटलीचा कागद द्या. आमच्या गल्लीत एकोणतीस जणी हाईत माझ्यासारख्या, त्यांनाबी पायजेत. कुणालाच बोलावणं न्हाई."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. दारूविरुद्धचं मतदान, आणि दारूनं ज्यांचा संसार धुऊन नेला त्यांनाच मी बोलावलं नव्हतं. मुद्दाम वगळलं होतं असंही नाही. हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं नसतं, म्हणून पाय आपोआप त्या दारांवरून पुढे गेले होते. नंतर मी यादी घेऊन बसले आणि मोजलं. एकशे त्र्याहत्तर. आमच्या गावात एकशे त्र्याहत्तर विधवा होत्या, निम्म्याहून जास्त त्या दुकानाच्या. मी त्यांना गाळूनच निवडणूक जिंकायला निघाले होते.

माझ्या हातात करंडा होता. मी दाराशी गेले आणि तानूबाईच्या कपाळाला कुंकू लावलं.

का लावलं? मी काही सुधारक नाही. आमच्या सासूबाईंनी पांढऱ्या कपाळानं वीस वर्षं काढली, तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. त्या क्षणी फक्त लाज वाटली आणि हातात तेच होतं.

"अवं, ह्ये काय केलंसा वहिनी!" तानूबाई पुटपुटली. पण तिनं ते पुसलं नाही. पदर कपाळावर ओढला, तीस कागद छातीशी धरले आणि निघून गेली.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या एका बातम्यांच्या चॅनलनं दाखवलं आणि खाली लिहिलं, 'रूढीवाद्यांच्या घरातच क्रांती'. झालं! भाऊंना चारी बाजूंनी फोन सुरू झाले, तुमच्याच पक्षात हे काय चाललंय म्हणून. आणि भाऊंनी अंबाबाईच्या देवळासमोर उभं राहून ते भाषण ठोकलं.

तर बुधवारी भाऊ आल्याचा चहा प्याले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"यावर एक सही लागेल, वहिनी. पक्षाचं पत्रक आहे."

मी वाचलं. 'सदर महिला कार्यक्रमास आमंत्रित नव्हती. तिने आग्रहाने आत येऊन कुंकू लावण्याची मागणी केली. गर्दीत माझ्याकडून अनवधानाने ही कृती घडली. परंपरेचा अवमान करण्याचा माझा हेतू नव्हता.'

"भाऊ, हे खोटं आहे. ती नको म्हणत होती. मी लावलं."

"हे कुणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे. तिला माहीत आहे."

भाऊ हसले. ते वाईट हसले असते तर बरं झालं असतं. ते समजावणीच्या सुरात हसले. "वहिनी, आठ वर्षं तुम्ही उंबरे झिजवताय. महिला सभासद किती केल्यात? चोवीस. मी परवा एकदा बोललो आणि तालुक्यातून सहाशे माणसं जोडली गेली. शांतपणे काम करणाऱ्याला कोण विचारतं हो आज? वाद झाला की आपला कोण, परका कोण ते कळतं. लोकांना चीड आली पाहिजे. चिडलेला माणूसच घराबाहेर पडतो."

"तुमची माणसं पडतील बाहेर. माझ्या बायका घरात जातील."

"का जातील? उलट आता देवसांगवी सगळ्या जिल्ह्याला माहीत झालीय."

"दुकान बंद करायचंय भाऊ, देवसांगवी माहीत करून द्यायची नाही!"

माझा आवाज चढला तसे आमचे हे आतून बाहेर आले. त्यांचं औषधाचं दुकान, चार लोकांत ऊठबस. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही करून टाक. उगाच कशाला वाढवतेस?"

मग भाऊंनी शेवटचा पत्ता टाकला. मतदानाला वाड्या-वस्त्यांवरून बायका आणायला पक्षाच्या चार जीप येणार होत्या. त्याशिवाय लांबच्या बायका येणं शक्यच नव्हतं. "आता वरचे लोक विचारतायत," भाऊ म्हणाले, "जी बाई रीत मोडते तिला गाड्या कशाला द्यायच्या? तुमची सही असली की मला तोंड राहील."

मी मनात हिशेब घातला. जीपनं येतील दोनशे. या सहीनं दुखावेल एक. आणि ती एक कोण? तानूबाई. तिचा किसन वाचवायलाच तर चाललंय सगळं, ती समजून घेईल. असा मी विचार केला. इतका हलकट विचार मी आयुष्यात दुसरा केला नसेल. वर मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की आपलं चुकलंच थोडं, कुंकू लावायला नको होतं. मी सही केली. इंग्रजीत नाही, पूर्ण नावानं, सुवाच्य.

गुरुवारी ते पत्रक गावभर झालं. शुक्रवारी पाराशेजारच्या दुकानात बसणाऱ्यांना नवीन खेळ मिळाला. कुठलीही म्हातारी तिथून गेली की आतून आवाज यायचा, "काय मावशी, कुंकू मागाया निगालीस काय?" मी तानूबाईच्या गल्लीत गेले तर एकेक दार अर्धंच उघडायचं. एकजण म्हणाली, "पोरगा नगं म्हणतोय. लोकं हसत्यात." दुसरी तर आतूनच म्हणाली की झोपलेय. दुपारी बारा वाजता.

तानूबाई भेटली नाही. शेतावर गेली होती म्हणे. खरं सांगायचं तर ती भेटली नाही याचं मला बरं वाटलं.

रविवारी शाळेत मतदान. सकाळी आठला दार उघडलं. जीप वेळेवर आल्या, बायका उतरत होत्या, रांग लागली. दहापर्यंत दोनशेच्या वर मतं पडली. मला वाटलं, निभावतंय.

सव्वादहाला दोन चॅनलच्या गाड्या येऊन फाटकासमोर उभ्या राहिल्या.

"यांना कुणी बोलावलं?" मी भाऊंना विचारलं.

"मीच. एवढं कव्हरेज कुठल्या आडव्या बाटलीला मिळालं होतं सांगा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकातून आत येणारी प्रत्येक बाई त्या माइकसमोरून जात होती. कपाळ मोकळं दिसलं की चॅनलची पोरगी माइक पुढे करायची. "आजी, तुम्हाला कुंकू लावायला आवडेल का? आजी, परंपरेबद्दल काय वाटतं?" एक म्हातारी गांगरून तिथंच बसली. मळ्यातल्या दोघी जीपमधून उतरल्या, कॅमेरा बघितला आणि पुन्हा जीपमध्ये जाऊन बसल्या. मी त्या पोरीला म्हणाले, "बाई गं, शंभर पावलं लांब हो, बायकांना मत देऊ दे." ती म्हणाली, "आम्ही फाटकाबाहेर आहोत, मॅडम." पोलीसही तेच म्हणाला. नियमानं बरोबरच होतं सगळं.

अकराच्या सुमाराला तानूबाई आली. एकटी नाही. मागं बारा-तेरा जणी होत्या. सगळ्यांनी पदर कपाळावर ओढलेले, एकमेकींचे हात धरलेले. कशा काढल्या असतील तिनं त्या घरातून, तिचं तिलाच माहीत. ती पुढं होती. माझ्याकडे बघत नव्हती, शाळेच्या दाराकडे बघत चालली होती.

माइकवाल्या पोरीनं तिला ओळखलं. "तुम्हीच ना त्या? व्हिडिओतल्या? तुम्ही कुंकू लावायची मागणी का केली?"

तानूबाई थांबली. मागच्याही थांबल्या.

"म्या न्हाई मागितलं," ती म्हणाली.

"पण पत्रकात तर..." पोरीनं इकडेतिकडे बघितलं आणि मी दिसले. कॅमेरा माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हीच सांगा. यांनीच मागितलं होतं ना?"

तानूबाईनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. जशी कोर्टात आपल्या बाजूच्या साक्षीदाराकडे बघतात तशी, की आता हा बोलेल आणि मिटेल. भाऊ माझ्या डाव्या हाताला उभे होते. चार जीप उभ्या होत्या, दुपारच्या फेऱ्या राहिल्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं, 'नाही, मी लावलं.' तीन शब्द.

मी म्हणाले, "पत्रकात सगळं आलं आहे."

तानूबाईनं पदर आणखी खाली ओढला आणि वळली. तिच्यामागं त्या सगळ्या वळल्या. मी हाका मारत फाटकाबाहेर धावले, "तानूबाई, मत देऊन जा! किसनसाठी तरी देऊन जा!" तिनं मागं बघितलं नाही. कॅमेऱ्यानं माझं ते धावणंही घेतलं. ते मात्र कुणी दाखवलं नाही.

दुपारी जीप अर्ध्या रिकाम्या आल्या. पाचला दार बंद झालं आणि साडेसहाला मोजणी संपली. आडवी सहाशे एकाहत्तर. उभी एकशे अठरा. बाकीची मतं बाद. तहसीलदारांनी वाचून दाखवलं, सातशे सात आवश्यक, छत्तीस कमी, दुकान चालू राहील. पाराकडून फटाक्यांचा आवाज आला. एकशे त्र्याहत्तर विधवांपैकी किती जणी आल्या होत्या, ते मी खुणा करून ठेवलं होतं. एकोणीस.

"वाईट वाटून घेऊ नका, वहिनी," भाऊ म्हणाले. "लढाई हरलो असू, पण पक्ष वाढला. आजच्या दिवसात आठशे नवे सभासद."

"त्यातले किती दारू पितात?" मी विचारलं.

"काय?"

"आठशेंतले किती पितात ते मोजा! तुम्हाला वाद लाभला, भाऊ. तुमचं सोनं झालं. आणि ज्या घरासाठी, ज्या रीतीसाठी तुम्ही गळा काढता ना, ते घर पाराशेजारी रोज संध्याकाळी बुडतंय, ते तुम्ही आज सहीशिक्क्यानिशी बुडवलंत. मीही बुडवलं. माझी सही आहे त्याच्यावर!"

सगळी शाळा बघत होती. भाऊ शांतपणे म्हणाले, "दमलाय तुम्ही. घरी जा."

पुढच्या निवडणुकीत भाऊ जिल्हा परिषदेवर गेले, चांगल्या मतांनी. म्हणजे त्यांचं म्हणणं खोटं ठरलं असं मी म्हणू शकत नाही. लोक आजही भाषणात देवसांगवीच्या लढ्याचं नाव घेतात. पुन्हा मतदान मागायला सह्या लागल्या असत्या. मी फिरले, शंभरही मिळाल्या नाहीत. किसन दुसऱ्या वर्षी आषाढात गेला. सव्विसावं संपलं नव्हतं.

पण त्या संध्याकाळी तो जिवंत होता. मी शाळेतून थेट तानूबाईकडे गेले तेव्हा घरात नव्हता. कुठं होता ते विचारायची गरज नव्हती, फटाके ऐकू येत होते. त्याची बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. तानूबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जमिनीवर बसले.

"छत्तीस कमी पडली," मी म्हणाले.

"कळलं."

"तानूबाई, माझं चुकलं. मी सही करायला नको होती. उद्या मी पेपरात देते, सगळं खरं लिहून देते. तुम्हाला कुंकू मी लावलं, तुम्ही मागितलं नव्हतं..."

"कुंकवाचं ऱ्हाऊ द्या वहिनी." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "त्याचा मला राग न्हाई. खरं सांगू? त्या दिशी घरी ईस्तवर म्या ते पुसलं न्हाई. सुनंनं बघितलं, ती काय बोलली न्हाई. रातीपातूर ठेवलं."

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं सूप खाली ठेवलं.

"मालक गेलं तवा गल्लीतल्या बायकांनी माझं कुंकू पुसलं. पुसताना त्या रडत हुत्या, वहिनी. तुमी आज चार माणसांत पुसलंसा, आन् तुमच्या डोळ्यात टिपूस न्हवतं."

सून भाकरी थापायची थांबली होती. तानूबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि निवडायला लागली. तिनं मला जा म्हटलं नाही. मीच उठले.